लेबल सोललेल्या सीड्या

आमचं काम म्हणजे डिस्क कॉपी करायच्या, वर प्रिंट मारायची आणि केसमध्ये घालून द्यायच्या. लोकांना वाटतं यात काय एवढं, सगळं मशीन करतं. करतंच, पण निम्मा वेळ जातो तो नावं तपासण्यात आणि प्रिंट बरोब्बर मधोमध आणण्यात, कारण ती एक मिलिमीटर जरी सरकली तरी कडेला पांढरी कोर राहते आणि गिऱ्हाईकाला बाकी काही दिसो न दिसो, ती कोर पहिली दिसते.

तर परवा एक काका पिशवीभर जुन्या सीडी-आर, म्हणजे घरी लिहिता येणाऱ्या सीड्या, घेऊन आले. एका गायन क्लासची जुनी रेकॉर्डिंग, दुसरी कॉपी कुठेच नाही. कागदी लेबलं पिवळी पडलेली, कडा उचललेल्या, म्हणून नवीन रंगीत लावावीत असं ठरवून काकांनी घरीच ती सोलायला घेतली होती. वरची सीडी मी उजेडासमोर धरली तर चक्क आरपार दिसलं. चंदेरी थर गोंदाबरोबर निघून गेलेला.

सीडीची खालची चकचकीत बाजू सगळे जपतात, पण तिथे 1.2 मिमी प्लास्टिक असतं. डेटा असतो वर, लेबलाच्या लगेच खाली, आणि मध्ये फक्त काही मायक्रॉन लॅकर, म्हणजे वार्निशसारखा पातळ थर. म्हणजे नाजूक बाजू वरचीच, आणि आपण कागद चिकटवतो तिथेच! डीव्हीडीत डेटा 0.6 मिमीच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, तिचं बरं, पण कागदाने तीही वाकते आणि ड्राइव्ह रडायला लागतो. घरी लेबल लावायची किटं कोणी काढली त्याला माझा नमस्कार.

सुदैवाने सीडी आतून बाहेर लिहिली जाते. खालून तिरकी धरली की बर्न झालेला, म्हणजे लिहिलेला भाग आणि कोरा भाग यांच्या रंगात फरक दिसतो, एक बारीक गोल रेघ असते. 80 मिनिटांच्या डिस्कवर 40 मिनिटांचं गाणं असेल तर ती रेघ मध्यापासून साधारण 45 मिमीवर येते, त्यापुढचा सव्वा सेंटीमीटर कोराच. काकांनी कडेकडूनच सोललं होतं, त्यामुळे बऱ्याच डिस्कचा फक्त कोरा भाग उघडा पडला होता आणि गाणं शाबूत. अर्धवट सोललेल्यांची सैल कड हलक्या हाताने खाली बसवली आणि ट्रेवाल्या जुन्या ड्राइव्हमध्ये अगदी कमी स्पीडला वाचल्या. 52 एक्स म्हणजे भरधाव स्पीडला डिस्क मिनिटाला दहा हजारच्या आसपास फेरे घेते, त्यात सुटलेला कागद म्हणजे संपलंच. एक सहकारी म्हणत होता राहिलेलं पण ओढून काढ, बॅलन्स तरी होईल. त्याला मी त्या टेबलापासून लांबच ठेवलं.

एक डिस्क मात्र काठोकाठ भरलेली होती. तिचा शेवट गेला. भैरवी होती, काका म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "पण ही जुनी झाल्यामुळेच गेली ना?" मी तोंड उघडायच्या आत आमचे सिनियर म्हणाले, "हो हो काका, जुन्या डिस्कचं होतंच असं." काकांचा चेहरा जरा निवळला. सिनियर नंतर मला म्हणाले, त्यांना कशाला दोष द्यायचा, गिऱ्हाईक आहे. आता हा चांगुलपणा म्हणायचा की धंदा, मला अजून कळत नाहीये, कारण जाताजाता काका बोलून गेले होते की घरी अजून दोन खोकी आहेत.

नवीन कॉपी आम्ही प्रिंटेबल डिस्कवर काढल्या, शाई थेट वरच्या पांढऱ्या कोटिंगवर, कागद नाही गोंद नाही. कोर कुठेही नाही, मी स्वतः बघितलं. काका म्हणाले छान आहे, पण स्टिकरसारखी चमक नाही आली.

शेवटी राहवलं नाही म्हणून रात्री मीच त्यांना मेसेज टाकला, की काका घरच्या डिस्कची लेबलं अजिबात काढू नका, आहेत तशा आणा. लगेच अंगठा आला आणि खाली, "नाही काढत. जी सुटत होती ती गोंद लावून पक्की केलीत."

कुठला गोंद ते विचारलंय.