उन्हाळ्यातलं झटपट चिकन आणि ‘बोनलेस’पायी घातलेली हुज्जत

मे महिन्यात आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घरात, डोक्यावर थेट गच्ची, संध्याकाळी सात वाजताही ओट्याला हात लावला तर कोमट लागतो. अशा वेळी कांदा-खोबरं भाजा, वाटण करा, रस्सा उकळत ठेवा हे माझ्याने होत नाही. म्हणून उन्हाळाभर आमच्याकडे मोठ्या आचेवर परतलेलं चिकन आणि भाज्या असतात. सगळं चिरून हाताशी ठेवलं तर दहा-बारा मिनिटांत गॅस बंद. कृती अवघड नाहीच. अवघड आहे ते दुकानातून हवं तसं चिकन मिळवणं. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच लिहिते.

या पदार्थाला कोंबडीच्या छातीचं मांस लागतं. कातडी काढली की त्यात चरबी अगदी थोडी, शंभर ग्रॅम कच्च्या मांसात तीन ग्रॅमच्या आसपास, आणि प्रथिनं वीस ग्रॅमच्या वर. धागे लांब आणि सरळ असतात, त्यामुळे पातळ पट्ट्या छान निघतात. पण त्यासाठी तो भाग अख्खा हातात यायला हवा. घराजवळच्या दुकानात मी म्हणायचे, ‘दादा, अर्धा किलो ब्रेस्ट पीस द्या, अख्खे.’ तो विचारायचा, ‘बोनलेस ना ताई?’ आणि माझं पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत ओंडक्यावर सत्तूर सुरू. मांडीचं, छातीचं सगळं एकत्र, छोटे छोटे चौकोनी तुकडे. रविवारी मागे रांग, प्रत्येकाला घाई, तिथे कोण कोणाचं ऐकतं? ‘सगळे असंच नेतात,’ हे एकच उत्तर.

तुकड्यांपर्यंतही मी सोसलं असतं. पण तुकडे झाले की ते ड्रममधल्या पाण्यात बुडवायचे, हलवायचे, आणि निथळत निथळत थेट काट्यावर. म्हणजे बोनलेसचा भाव हाडांसकटच्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि त्या भावाने मी पाणी विकत घ्यायचं! घरी येईपर्यंत पिशवीच्या तळाशी गुलाबी पाणी साचलेलं असायचं. ‘न धुता द्या’ म्हटलं तर, ‘ताई, रक्त लागलेलं राहतं, घरचे आम्हाला बोलतात.’

पाण्यावरून मी एवढी का भांडते, तर हा पदार्थ पाण्यानेच बिघडतो. ओलं मांस तापलेल्या कढईत पडलं की कढईची सगळी धग ते पाणी आटवण्यात जाते. पाणी आहे तोवर उष्णता शंभर अंशांच्या वर चढत नाही, आणि मांसाला तांबूस रंग यायला त्याहून बरीच जास्त लागते. मग चिकन परतलं जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडतं आणि चिवट होतं. चरबी कमी असलेल्या मांसाला तर हे अजिबात चालत नाही.

शेवटी मी दिवस बदलला. बुधवार, शुक्रवार, रविवार दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मंगळवारी बऱ्याच घरांत मांसाहार नसतो, त्यामुळे सकाळी दुकान उघडल्या उघडल्या दादा निवांत असतात. पैसे आधीच काउंटरवर ठेवायचे आणि कोंबडी कापायच्या आधी बोलायचं: ‘फक्त छातीचे दोन्ही भाग, कातडी काढून, तुकडे नाही, पाणी नाही, वजन माझ्यासमोर.’ पहिल्यांदा त्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण दिलं. जाडजूड, कोरडे, फिकट गुलाबी दोन भाग पिशवीत पडले तेव्हा मला खरोखर जिंकल्यासारखं वाटलं.

घरी दुसरी फेरी सासूबाईंशी. ‘न धुता शिजवणार?’ त्यांना मी सांगितलं, ‘आई, नळाखाली धरलं की शिंतोडे ओट्यावर आणि भांड्यांवर उडतात, त्यातून जंतू पसरतात. मरतात ते शिजल्यावरच.’ त्या काही बोलल्या नाहीत. मी कागदी नॅपकिनने टिपून घेते, हाडाचा चुरा लागला असेल तर काढते. भाजीची विळी आणि चिकनची सुरी, पाट वेगळे.

हो, आणि घरून निघताना जाड कापडी पिशवीत फ्रीजरमधली बर्फाची थैली टाका. चाळीस अंशांच्या उन्हात कच्चं चिकन तासभरसुद्धा तसंच फिरवायचं नाही.

पट्ट्या करण्याआधी मांस अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवते. थोडं कडक झालं की सुरी सरळ चालते. धाग्यांना आडवं कापायचं, पेन्सिलीपेक्षा जाड नको. अर्धा किलोला एक मोठा चमचा सोया सॉस, एक चमचा कॉर्नफ्लोअर, मिरपूड आणि थोडं तेल लावून ठेवायचं. कॉर्नफ्लोअरचा थर आतला ओलावा धरून ठेवतो. मीठ शेवटी चाखून, सोया सॉस मुळातच खारट असतो.

भाजी बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या बाजारातून. ढोबळी मिरची, उन्हाळ कांदा, कोवळी काकडी आणि एक कैरी. दोडका चवीला चांगला, पण त्याला पाणी सुटतं, तो या कढईत नको. गवार घ्यायचीच तर आधी वाफवून घ्या. धुतलेली भाजी चाळणीत पूर्ण निथळू द्या, मिरचीच्या पोटात पाणी राहतं ते झटकून काढा.

लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापवते. एक मोठा चमचा शेंगदाणा तेल, चिकन दोन हप्त्यांत, म्हणजे कढईत गर्दी होत नाही. टाकल्यावर मिनिटभर हलवत नाही, खालून रंग धरला की उलटते. तीन-चार मिनिटांत होतं. सगळ्यात जाड पट्टी तोडून बघायची, आत गुलाबी दिसता कामा नये. काढून ताटलीत. त्याच कढईत ठेचलेला लसूण, आलं, लवंगी मिरची, लगेच कांदा आणि ढोबळी, दोन मिनिटं. मग काकडी, चिकन परत आत, आणि गॅस बंद करताना कैरीचे बारीक काप. व्हिनेगरची गरज राहत नाही.

भात आधी लावून ठेवा. चिकन उतरलं की लगेच वाढायचं, झाकण घालायचं नाही. झाकलं की वाफेचं पाणी पुन्हा त्याच्यावरच पडतं.