डांबरावरचे दोन फूट

गेल्या गळीत हंगामात खानापूर रस्त्यावर रात्री, रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या उभ्या ट्रॉलीवर माझ्या मावसभावाची कार आदळली आणि त्याची मांडी मोडली. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 166 खाली आम्ही बेळगावात दावा लावला, तेव्हा विमा कंपनीने त्याच्याच वेगावर बोट ठेवले. याला अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात: भरपाई 10 लाख ठरली आणि त्याचा दोष 25 टक्के धरला, तर साडेसात लाख मिळतात, दावा मात्र बुडत नाही. तो दोष सिद्ध करण्याची जबाबदारी विमा कंपनीची असते, हे वकिलांना आम्हाला दोनदा समजवावे लागले. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुचाकीवरील तिघांच्या प्रकरणात म्हटले, की नियमभंगाने अपघाताला वा इजेला हातभार लावल्याचे दिसल्याखेरीज केवळ नियम मोडला म्हणून भरपाई कापता येत नाही. शेजारी बसलेल्या वहिनीची गोष्ट निराळी. चालकाचा दोष तिच्या माथी येत नाही.

पंचनामा कन्नडमध्ये होता (आमच्याकडे दुसरे काय असणार!), तो मी शेजारच्या अण्णांकडून ओळीओळीने वाचून घेतला. ट्रॉलीचे मागचे उजवे चाक डांबरावर दोन फूट आत होते, असे त्यात नोंदवले आहे. पुढच्या तारखेला त्याच ओळीवर उलटतपासणी आहे.