सांडव्याची पातळी

हरकतींच्या सुनावणीचा तिसरा दिवस होता. भंडारा जिल्ह्यातल्या एका छोट्या नगरपंचायतीची प्रारूप विकास योजना, समोर नगररचना कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम) कलम 28 ची नियोजन समिती: नगरपंचायतीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जाणकार. तोवरच्या हरकती ठरलेल्या होत्या. माझ्या जमिनीवरचं (सार्वजनिक कामासाठी टाकलेलं) आरक्षण काढा, रस्ता शेजाऱ्याकडून न्या, माझं वावर पिवळ्यात घ्या. पिवळं म्हणजे निवासी. पिवळं कमी करा म्हणणारा माणूस सहसा येत नाही.

त्या दिवशी आला. मच्छीमार संस्थेतले एक वयस्क ढीवर काका. नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "हा नकाशा उन्हाळ्यात काढला का जी, साहेब? या पिवळ्यात आमचा डोंगा चालते."

ती जागा मामा तलावाच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या पोटातली होती. ती पिवळी कशी झाली, ते सांगायला हवं, कारण या प्रवासात कुणीही नियम मोडलेला नाही. विद्यमान जमीन वापराचा नकाशा उपग्रह प्रतिमेवर बेतला जातो. प्रतिमा बिनढगांची लागते, म्हणजे आपल्याकडे ती पावसाळा सरल्यानंतरची असते. तोवर तलाव आटत आलेला असतो आणि वरच्या अंगाला, पाणी ओसरलेल्या जमिनीत, लाखोरी नाहीतर हरभरा उभा असतो. ही वरची वावरं खासगी. सातबाऱ्यावर मालक, पीकपेऱ्यात रब्बी. पाहणी करणाऱ्याने शेती म्हणून हिरवा रंग दिला, तो कागदाला धरूनच होता. पुढे आराखडा करताना मौज्यातलं (गावशिवारातलं) हेच हिरवं बसस्टँडजवळचं, सपाट आणि रस्त्याला लागून दिसलं, म्हणून पिवळं झालं. शिवाय 12 मीटरचा एक रस्ता सांडव्याच्या, म्हणजे तलावाचं जादा पाणी जिथून बाहेर पडतं त्याच्या, नाल्यावरून आडवा गेला.

काकांनी पिशवीतून वाजिब-उल-अर्जची नक्कल काढली. समितीतल्या एका जाणकारांनी हे नावच ऐकलेलं नव्हतं. विदर्भातल्या नियोजनाच्या कामावर बसलेल्या माणसाला ते माहीत नसावं, हे मला अजून खुपतं. जुन्या मध्य प्रांतातल्या जिल्ह्यांत हे कागद दफ्तरखान्यात असतात. सरकारी पडीक जमिनीवरचे गावाचे हक्क निस्तारपत्रकात लिहिलेले असतात (महसूल संहितेचं कलम 161). सरकारच्या नसलेल्या जमिनीतल्या आणि पाण्यातल्या सिंचनाच्या, वाटेच्या, मासेमारीच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्जमध्ये असतात (कलम 165). सातबारा मालक सांगतो, पाणी कुठवर येतं ते सांगत नाही. आम्हा नियोजनकारांच्या माहिती-संकलनाच्या तक्त्यात या दोन्ही कागदांसाठी रकानाच नव्हता.

सुनावणी थांबवून समिती जागेवर गेली. दुसऱ्या दिवशी ऑटो लेव्हल, म्हणजे जमिनीची उंच-सखलता मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, लावली. तलाव कोरडा असला तरी त्याची हद्द काढता येते, कारण ती सांडव्याने ठरवलेली असते. सांडव्याच्या माथ्यावर स्टाफ (आकडे आखलेली उभी पट्टी) धरून यंत्रातून वाचन घ्यायचं. मग पाळीच्या (तलावाच्या मातीच्या बंधाऱ्याच्या) एका टोकापासून वावरांतून स्टाफ फिरवत जायचं आणि तेवढंच वाचन येईल तिथे खुंटी ठोकायची. वाचन जास्त आलं तर ती जमीन माथ्याखाली, म्हणजे तलाव भरला की पाण्यात. कमी आलं तर वर. धानाच्या बांध्यांमध्ये (खाचरांमध्ये) मात्र घोटाळा होतो: स्टाफ धुऱ्यावर (बांधावर) धरला की वाचन फसवतं, तो बांधीच्या तळाशीच धरायचा. यंत्र हलवताना पक्क्या दगडावर मागचं-पुढचं वाचन घ्यायचं आणि शेवटी परत सांडव्यावर येऊन फरक तपासायचा. ही झाली भरलेल्या तलावाची रेषा. पुरात पाणी माथ्याच्याही वरून जातं, त्याचा डाग सांडव्याच्या दगडांवर दिसतो. तेवढी उंची धरून दुसरी, बाहेरची रेषा. खुंट्यांचे जीपीएस बिंदू नकाशावर टाकले, तेव्हा पिवळ्याचा मोठा भाग दोन्ही रेषांच्या आत पडला.

रस्त्याचं दुखणं वेगळं. असा रस्ता पुढे कोणीतरी 900 मिमीचे दोन ह्यूम पाईप टाकून पूर्ण करतो. सांडवा रुंद, पाईप अरुंद, त्यात इकॉर्निया (जलपर्णी) अडकतो. पाणी मागे तुंबलं की जोर मातीच्या पाळीवर. पाळ फुटली की खालची वस्ती.

समितीत 'तलाव संवर्धन' असं आरक्षण टाकायची सूचना आली. मी विरोध केला. आरक्षणाची जमीन 10 वर्षांत घेतली नाही, तर कलम 127 खाली मालक नोटीस देतो आणि पुढच्या 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द. या नगरपंचायतीकडे संपादनाला पैसे नाहीत, आणि जिथे जमीनच स्वस्त आहे तिथे मोबदल्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) कोण घेईल? त्यापेक्षा आतल्या रेषेपर्यंत जलाशय दाखवा, बाहेरच्या रेषेपर्यंत ना-विकास क्षेत्र. ते आरक्षण नसल्याने 127 खाली सुटत नाही. रस्ता सांडव्याच्या नाल्याला टाळून पाळीच्या दुसऱ्या अंगाने वळवा. समितीने शिफारस तशीच लिहिली.

पण प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर, शिक्का असलेला पिवळा नकाशा दाखवून, त्यातल्या एका वावराचे तुकडे स्टँप पेपरवर विकले गेले होते. घेणारे मजूर होते. दुरुस्तीची शिफारस झाल्याचं कळल्यावर त्यांच्यातली एक बाई नकाशासमोर येऊन उभी राहिली आणि विचारलं, "मंग तेव्हा पिवळं कोनं केलं होतं?"

अहवाल आता नगरपंचायतीपुढे आहे, तिथून योजना कलम 30 खाली शासनाकडे जाईल. खुंट्यांपैकी वरच्या अंगाच्या चार कोणीतरी उपटल्या आहेत. बिंदू नोंदलेले आहेत, त्या पुन्हा ठोकता येतील.