नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को: आईच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर

"तिथं याले किती तास लागते वं?" आई चार वर्षांपासून फोनवर हे विचारते आहे. मी सांगायचे, सोळा तास. आता मे महिन्यात ती आणि बाबा पहिल्यांदाच येताहेत, तेव्हा नीट हिशोब मांडला.

सोळा तास फक्त दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. त्याआधी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर दोन तास आधी पोचायचं, पावणेदोन तासांत दिल्ली, तिथे इमिग्रेशन आणि सहा तासांचा मुक्काम. इथे उतरल्यावर पुन्हा रांग. दारापासून दारापर्यंत 28 तास धरून चाला.

अंतर मात्र सरळ मोजलं तर साधारण 13,100 किलोमीटर. आईला वाटायचं, अमेरिका म्हणजे मुंबईवरून पश्चिमेकडे जायचं. पृथ्वीच्या गोलावर नागपूरपासून इथपर्यंत दोरा ताणून बघा. तो उत्तरेकडे निघतो! नेपाळ, तिबेट, मंगोलियाचं पश्चिम टोक, सायबेरिया, मग अलास्कावरून खाली. नागपुरातल्या झीरो माइलच्या खांबावर जबलपूर, हैदराबादची अंतरं वाचत मी मोठी झाले, पण हा रस्ता गोल हातात घेईपर्यंत माझ्याही ध्यानात आला नव्हता.

आणि जवळचा रस्ता दर वेळी लवकर पोचवतोच असं नाही. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. 2016 साली एअर इंडियाने दिल्लीहून इकडे येणारं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून आणलं. 13,900 ऐवजी 15,300 किलोमीटर, तरी ते साडेचौदा तासांत पोचलं, कारण वारा पाठीशी होता. मला हे फार सुंदर वाटतं.

ज्यांचे आईवडील येणार आहेत त्यांना एकच कळकळीचं सांगणं: नागपूरपासूनचं तिकीट एकाच बुकिंगवर काढा. पहिल्या वेळी मी पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली. डिसेंबरचं धुकं, नागपूरचं विमान उशिरा, पुढचं सुटलं. दिल्लीत अख्खी रात्र खुर्चीवर रडत काढली आणि दुसरं तिकीट पुऱ्या भावानं घ्यावं लागलं. एकाच बुकिंगवर पुढच्या विमानाची सोय कंपनीला करावी लागते, आणि बॅगाही बहुतेक वेळा थेट शेवटच्या मुक्कामाला येतात. विचारून खात्री करा.

आई-बाबांचं विमान दिल्लीहून मंगळवारी पहाटे चारला निघेल आणि मंगळवारीच सकाळी साडेसातला उतरेल. उन्हाळ्यात भारत इथल्यापेक्षा साडेबारा तास पुढे असतो ना. आईचा मंगळवारचा उपास असतो. "मंग उपास सोडू कवा?" तिने काळजीने विचारलं, कारण तिचा तो मंगळवार साडेछत्तीस तासांचा होणार. ती उतरेल तेव्हा नागपुरात रात्रीचे आठ वाजलेले असतील. उपास नागपूरच्या घड्याळाने सोडायचा असं आम्ही ठरवलंय. मी वरण-भाताचा डबा घेऊन विमानतळावर उभी राहणार आहे.