पुठ्ठ्यावरचा कीबोर्ड

जेवणानंतर डोळे जड होतात, नेमकी तीच वेळ 'बदलासाठी सज्ज होऊया' अशा नावाच्या सत्राला निवडली जाते. परवाच्या सत्रात पडद्यावर ती ओळखीची वक्ररेषा आली : नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली या अवस्था मांडल्या त्या मरणाच्या दारात उभ्या असलेल्या रुग्णांशी बोलून. आम्हाला रजेचा अर्ज नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचा आहे, एवढंच. शिवाय त्या रुग्णांच्या बाबतीत स्वीकारानंतर काय उरतं, ते उघड आहे. आमच्या स्लाइडवर मात्र स्वीकारानंतर रेघ वर चढते आणि टोकाला हिरवा बाण असतो. हसू दाबावं लागलं, कॅमेरा चालू होता.

अशा सत्रांत 'बदल हीच एकमेव कायमची गोष्ट' हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत येणार, अशी मी मनातल्या मनात पैज लावतो. हरल्याचं आठवत नाही. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांची बदल घडवण्याची १९४७ची त्रिसूत्रीही येतेच : आधी वितळवा, मग हलवा, मग गोठवा. आमच्याकडे गोठेपर्यंत कुणाला दम धरवत नाही. एक पासवर्ड बोटांना पाठ होतोय, तोवर पुढचं वितळवणं सुरू.

सज्ज होणं म्हटलं की मला वडील आठवतात. त्यांच्या कचेरीत संगणक येणार असं ठरलं तेव्हा मी शाळेत होतो. तोवर त्यांचं सगळं आयुष्य खतावण्यांत गेलेलं. त्यांनी एका खोक्याचा पुठ्ठा कापला, पट्टीनं चौकोन आखले आणि कुणाकडून तरी उतरवून आणलेला कीबोर्ड त्यावर शाईनं काढला. अक्षरं अशी विस्कटलेली का, याचा त्यांना मनापासून राग होता. रात्री मी समोर बसून शब्द सांगायचो आणि ते पुठ्ठ्यावर एकेक बोट टेकवत जायचे. चुकलं की 'च्' करून खोडायची कळ दाबायचे. पुठ्ठ्यावर! आई आतून म्हणायची, "अहो, झोपा आता, ते मशीन काही पळून जात नाही." यावर ते म्हणायचे, "ते नाही, मीच पळून जाईन."

पुठ्ठ्यावरून आठवलं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मॅरियन गावी हारवूड नावाचा पायजम्यांचा कारखाना होता. तिथे इस्त्री करणारे कामगार झालेल्या कपड्यांच्या अर्ध्या डझनाची चळत एका सपाट पुठ्ठ्यावर रचत. व्यवस्थापनानं ठरवलं की यापुढे ती खोक्यात रचायची. बदल तो केवढा! लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच या अभ्यासकांनी १९४८ साली याची हकीगत छापली. या गटातल्या कामगारांना बोलावून कारण सांगितलं, कामाच्या मजुरीचे नवे दर सांगितले, शंकांना उत्तरं दिली. म्हणजे आमचं सत्रच, फक्त वक्ररेषेशिवाय. उत्पादन घसरलं ते वर येईना आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के लोक नोकरी सोडून गेले. खोक्यापायी.

दुसऱ्या काही गटांत मात्र काम कसं बदलायचं हे ठरवायलाच सगळ्यांना बसवलं. सूचनांचा असा पाऊस पडला की टिपून घेणाऱ्या लघुलेखकाची तारांबळ उडाली. हे गट थोडे घसरले, झटकन सावरले आणि आधीपेक्षा सुमारे १४ टक्के जास्त काम करू लागले. पुढे अडीच महिन्यांनी पहिल्या गटातल्या उरलेल्यांनाही दुसऱ्या एका बदलाच्या वेळी असंच सामील करून घेतलं, तर तेही सुतासारखे सरळ चालले.

ही गोष्ट मी सत्रानंतर आमच्या एचआरच्या मॅडमना उत्साहानं सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"आपण सगळ्यांना सामील करून घेतलंच होतं की," त्या म्हणाल्या. "नव्या सॉफ्टवेअरचं नाव काय ठेवायचं, त्यावर मतदान नव्हतं का घेतलं?"

घेतलं होतं, खरं आहे. मी सुचवलेल्या नावाला दोन मतं पडली. दुसरं कुणाचं, ते अजून शोधतोय.