कम्प्युटर मनानंच भरते

आमच्या गावात ऑटोफिल हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. माझ्यासमोरच्या बाकावर बसून अर्ज भरून घेणारे लोक म्हणतात, "ताई, हे तं मनानंच भरते ना व!" इतकी वर्षं हे काम करून मला वाटतं की याहून नेमका अर्थ शब्दकोशातही सापडणार नाही. ते खरंच मनानं भरतं. आणि समोर कोण बसलंय हे त्याला माहीत नसतं.

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी ऑनलाइन अर्जांचं केंद्र चालवते. एक कम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि लाइन गेली की तासभर साथ देणारी बॅटरी. पेरण्या आटोपल्या की रांग ओट्याच्या खाली उतरते. प्रत्येकाच्या हातात पन्नीत गुंडाळलेला सातबारा, आठ-अ, आधार कार्ड, पासबुक.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत अशाच गर्दीत एक काकू आल्या. नवरा वारलेला, तीन एकर वावर, पऱ्हाटी आणि तूर. त्यांच्या आधी त्यांच्याच गल्लीतल्या, त्यांच्याच आडनावाच्या काकाजींचा अर्ज भरून झाला होता. काकूंचा मोबाइल नंबर टाकायला घेतला, चार आकडे टाकले, खाली यादी उघडली आणि मी एंटर दाबलं. दोघांची सिमकार्डं एकाच वेळी एकाच दुकानातून घेतलेली, त्यामुळे पहिले चार आकडे सारखेच. चौकटीत नंबर बसला तो काकाजींचा. त्या अर्जाला ओटीपी लागत नव्हता, म्हणून तिथंही काही अडलं नाही.

पुढे मेसेज आला की सातबारा अस्पष्ट आहे, सात दिवसांत पुन्हा जोडा. तो गेला काकाजींच्या फोनवर, आणि काकाजी मेसेज उघडतच नाहीत. काकू दिवाळीच्या तोंडावर आल्या. "मले तं काहीच आलं नाई ना व. माहा फोन तं चालूच हाय." मी अर्ज उघडला. तो नामंजूर होऊन महिना उलटला होता. चूक माझ्या हातून झाली, हे मी त्यांना तिथंच सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. कागद परत पन्नीत घातले, पन्नीला दोनदा रबर गुंडाळलं आणि उठल्या. ते रबर गुंडाळणं अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्यानंतर मी ही सोय नीट समजून घेतली. एकदा भरलेलं नाव, पत्ता, फोन, ई-मेल ब्राउझर, म्हणजे वेबपेज उघडणारा क्रोमसारखा प्रोग्राम, स्वतःजवळ ठेवतो. दोन-चार अक्षरं टाकल्यावर खाली यादी येते ते ऑटोकम्प्लीट, आणि एका क्लिकवर अख्खा अर्ज भरला जातो ते ऑटोफिल. आपण बोलताना दोन्हींना एकच म्हणतो. सोय काही आजची नाही, 1999 च्या इंटरनेट एक्सप्लोरर 5 या ब्राउझरमध्येही ऑटोकम्प्लीट होतं.

कुठल्या चौकटीत काय भरायचं हे ब्राउझर कसं ओळखतो? वेबपेज बनवणाऱ्यानं चौकटीला आतून खूण दिलेली असते: हा फोन, हा पिनकोड, ही जन्मतारीख. खूण नसली की चौकटीचं नाव बघून अंदाज बांधतो. या खुणांची एक ठरलेली जागतिक यादी आहे. तिच्यात पहिलं नाव आहे, मधलं नाव आहे, आडनाव आहे. वडिलांचं किंवा पतीचं नाव अशी खूण नाही. गट नंबर नाही. मु., पो., ता., जि. अशी आपली उतरंडही नाही. म्हणून आपल्या अर्जात आडनाव भलत्याच चौकटीत जाऊन बसतं आणि तालुक्याच्या जागी गाव येतं. पिनकोड मात्र बिनचूक येतो. आमच्याकडचे पिनकोड 445 नं सुरू होतात आणि निम्मी रांग एकाच गावची असते.

मुळात ही सोय एका माणसाचा एक कम्प्युटर धरून केलेली आहे. माझ्याकडे एका कम्प्युटरवर अख्खं गाव आहे. इथं मागच्या माणसाची माहिती पुढच्या माणसाला दिसणं हेच वाईट, चुकीची भरली जाणं ही त्यापुढची गोष्ट. गावोगावी केंद्र चालवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: सेटिंगमध्ये जाऊन पत्ते आणि कार्ड साठवणं बंद करा, पासवर्ड साठवू नका, आणि गिऱ्हाइकाचं काम गेस्ट विंडोत, म्हणजे बंद केली की भरलेलं काही न ठेवणाऱ्या खिडकीत करा. एखादाच जुना नंबर यादीत डोकावत असेल, तर क्रोममध्ये खालच्या बाणानं त्याच्यावर जा आणि शिफ्ट धरून डिलीट दाबा.

एक्सेलमधलं ऑटोफिल वेगळं. खान्याच्या कोपऱ्यातला बारका चौकोन धरून खाली ओढला की पुढचे खाने भरतात. अनुक्रमांकाला फार कामाचं आहे, मी रोज वापरते. पण एकाच गटातल्या पाच भावांची यादी करताना 'गट 45' लिहून ओढलं, तर खाली 46, 47, 48 येतं आणि भाऊ शेजाऱ्यांच्या वावरात जाऊन बसतात. गट नंबर 5/2 टाकला तर एक्सेल त्याला तारीख समजतो. सोळा आकडी खाते नंबराचा शेवटचा आकडा शून्य होतो, कारण पंधराच्या पुढचे आकडे तो धरतच नाही. आधी त्या रकान्याचं फॉरमॅट टेक्स्ट करून घ्यायचं, मग लिहायचं.

आता मी मोबाइल नंबर आणि खाते नंबर हातानंच टाकते. टाकून झाला की एकेक आकडा मोठ्यानं वाचते आणि समोरच्या माणसाला त्याच्या पासबुकावर बोट ठेवायला लावते. ज्यांना आकडे वाचता येत नाहीत, त्यांच्या फोनवर मी माझ्या फोनवरून मिस कॉल देते. वाजला की पुढचं पान. रांगेतले लोक कधी कधी चिडतात, दिवसाला सात-आठ अर्ज कमी होतात. होऊ देत.

काकू यंदाही आल्या. अर्ज भरून झाला, त्यांच्या पदरात बांधलेला फोन वाजला, तरी त्या उठेनात. पुढे वाकून विचारलं, "ताई, कम्प्युटरनं मनानं तं नाई ना भरलं?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि पुन्हा पहिल्या आकड्यापासून वाचायला सुरुवात केली.