दिवेलागणीला पिवळी पडणारी स्क्रीन

"गणपती गुलाबी आलाय," फोनवर मालक म्हणाले. मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, मला आधी काही बोधच होईना. सांगलीतला छोटा छापखाना, फेब्रुवारीतली लग्नसराई. चारशे पत्रिका छापून झाल्या होत्या आणि वरचा शेंदरी गणपती स्ट्रॉबेरी आइस्क्रीमच्या रंगाचा निघाला होता.

डिझाइन करणाऱ्या ताईंना संध्याकाळी स्क्रीनवर सगळंच पिवळट दिसायचं. म्हणून त्यांनी कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये शेंदरातला पिवळा शंभर टक्क्यांवरून साठावर आणला. स्क्रीनवर झकास दिसला, कागदावर गुलाबी.

मी दुपारी गेलो तर स्क्रीन स्वच्छ पांढरी. मॉनिटरकडे चित्र नेणाऱ्या व्हीजीए केबलमधली निळा रंग नेणारी पिन सैल झाली की स्क्रीन पिवळी होते, हे मी कितीदा तरी पाहिलंय. केबल बदलली, अडीचशे रुपये घेतले आणि निघालो. मागून ताई म्हणाल्या, "सर, आत्ता नाही होत ते. दिवेलागणीला होतंय." मी मान डोलावली आणि गाडीला किक मारली. मालकांचं तर ठरलेलंच होतं, संध्याकाळी व्होल्टेज पडतं.

पावणेसातला फोन. "परत पिवळं झालंय बघा."

दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच जाऊन बसलो. स्क्रीनवर कोरं पान उघडलं आणि शेजारी ए-फोरचा कोरा कागद धरला. साडेसहाच्या सुमारास स्क्रीन बदलायला लागली, पण इतकी हळू, की कागद नसता तर मला कळलंही नसतं. दुधात कुणी चिमूट चिमूट हळद टाकावी तसं.

मॉनिटरचं मेनूचं बटण दाबलं. मेनूतली अक्षरं पांढरीशुभ्र! ती मॉनिटर स्वतः काढतो, म्हणजे मॉनिटर बरा. मग स्क्रीनशॉट काढून पेनड्राइव्हवरून माझ्या लॅपटॉपवर उघडला, तोही पांढरा. केबल तर कालच नवी घातलेली. कॉम्प्युटरच्या मेमरीत चित्र पांढरंच असतं. ते मॉनिटरकडे धाडताना ग्राफिक्स कार्ड रंगांचा एक तक्ता लावतं. त्या तक्त्यात कुणी निळा कमी केला की डोळ्यांना पिवळं दिसतं, स्क्रीनशॉटमध्ये मात्र काहीच येत नाही. रात्री स्क्रीन पिवळसर करणारा विंडोजचा स्वतःचा नाइट लाइट पाहिला, तो बंद होता.

तेवढ्यात ताई चहाचा कप ठेवत म्हणाल्या, "दिवाळीनंतर सहालाच व्हायचं हे. आता साडेसहाला होतंय."

मी कप तसाच खाली ठेवला. व्होल्टेज काही पंचांग बघून पडत नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर सांगलीत सूर्य सहाच्या आसपास मावळतो, फेब्रुवारीच्या सुरुवातीला साडेसहाला. या कॉम्प्युटरमधल्या कुणाला तरी सूर्यास्त ठाऊक होता!

टास्क मॅनेजर उघडून स्टार्टअपची, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी पाहिली. अँटीव्हायरस, प्रिंटर आणि खाली एक फुकटचं सॉफ्टवेअर, डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून सूर्यास्तानंतर निळा प्रकाश कमी करणारं. गाव म्हणून त्यात सांगली रीतसर भरलेलं. बंद केलं, तशी स्क्रीन क्षणात पांढरी झाली. मालक दोन पावलं पुढे आले.

"अगं बाई, ते होय!" ताईंनी कपाळाला हात लावला. दिवाळीच्या सुट्टीत मालकांचा पुतण्या आला होता. ताईंचं डोकं दुखतं म्हणून त्यानंच ते टाकून दिलं होतं. आणि डोकं दुखायचं थांबलंही होतं, त्यामुळे ते काढून टाकायला ताई काही तयार होईनात. शेवटी कोरलड्रॉ समोर असेल तेव्हा ते आपोआप बंद राहील असं सेटिंग करून दिलं. संध्याकाळचं मराठी टायपिंग पिवळ्यातच चालू द्या म्हटलं.

जुनी केबल परत लावली, मालकांचे अडीचशे परत केले. चारशे पत्रिकांचा कागद कुणाच्या खात्यावर टाकायचा, ते काका-पुतणे बघून घेतील.